अश्मयुगांतील स्थूल स्त्रीमूर्ति

ऑस्ट्रिया देशाची राजधानी जें व्हिएन्ना शहर, तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत एक लहानशी दगडी मूर्ति फार जपून ठेविलेली आहे. तिची उंची अवघी ११ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या मुठींत ती सहज मावावी. मूर्ति स्त्रीची आहे व ती स्त्री अतिशय स्थूल आहे. उदर पुढें आलेलें, वक्षस्थल जड होऊन खालीं ओघळलेलें, नितंब व मांड्या भरदार, आणि या सर्वांवर नांवापुरते टेकलेले दोन बारीक हात. चेहरा मुळींच नाहीं; जेथें तो असावयाचा तेथें डोक्याभोंवतीं फेर धरून गेलेल्या वेणीसारख्या ओळी कोरलेल्या आहेत. पावलेंही नाहींत, त्यामुळें ती आपल्या बळावर उभी राहूं शकत नाहीं. ७ ऑगस्ट १९०८ रोजीं डॅन्यूब नदीच्या खोऱ्यांत विलेंडॉर्फ नांवाच्या खेड्याजवळ उत्खनन चाललें असतां एका मजुराच्या हातीं ती लागली. तिचें वय सुमारें ३०,००० वर्षें असावें असें आतां मानितात.

आमच्या वर्गांत या मूर्तीचें चित्र दाखविलें म्हणजे प्रथम हंशा पिकतो. हा अनुभव प्रतिवर्षींचा आहे. मागील बांकावरून एखाद्या वर्गभगिनीचें नांवही कुजबुजलें जातें, आणि ती बिचारी पुस्तकांत तोंड खुपसून बसते. यांत सगळा दोष मुलांचाच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कारण या मूर्तींकडे पाहून हंसण्याचा प्रघात मोठमोठ्या विद्वानांनींच पाडला आहे. तो इतिहास मूर्तींइतकाच ऐकण्यासारखा असल्यामुळें आधीं तोच सांगतों.

१८६४ सालीं फ्रान्समध्यें मार्क्विस द व्हिब्रे या गृहस्थास हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ति मिळाली. रोमन लोकांची सौंदर्यदेवता व्हीनस. तिच्या एका प्रसिद्ध शिल्पप्रकारांत ती लज्जेनें हात आड धरून उभी असते व त्या प्रकारास ‘विनयशील व्हीनस’ असें म्हणत. सांपडलेली मूर्ति कांहीं तशी लाजत नव्हती. म्हणून मार्क्विसनें थट्टेनें तिचें नांव ठेविलें ‘निर्लज्ज व्हीनस’. गंमत अशी कीं, ही मूर्ति स्थूल नव्हतीच. चांगली सडपातळ होती. परंतु थट्टा चिकटली, आणि पुढें हिमयुगांतील जी जी स्त्रीमूर्ति निघाली ती ती व्हीनस ठरली.

त्याच शतकाच्या अखेरीस एदुआर पिएत या फ्रेंच संशोधकानें ब्रासांपुई येथील गुहेंतून हस्तिदंती मूर्तींचे तुकडे काढिले. त्यांतील कांहीं भरदार देहाच्या होत्या. त्यावरून पिएतनें असा तर्क केला कीं, हिमयुगीन युरोपांत स्थूल व सडपातळ असे दोन निरनिराळे मानववंश असावेत, आणि स्थूल वंशाचें नातें आफ्रिकेंतील लोकांशीं असावें. हा तर्क त्याला कां सुचला हें समजण्यासाठीं एका खऱ्याखुऱ्या स्त्रीची हकीकत सांगणें भाग आहे. सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेंतील खोइखोइ जमातीची स्त्री. १८१० सालीं तिला लंडन येथें नेण्यांत आलें, आणि तिच्या देहाच्या ठेवणीचें कुतूहल म्हणून तिकीट लावून तिला लोकांसमोर उभें करण्यांत आलें. जाहिरातींत तिचें नांव होतें ‘हॉटेन्टॉट व्हीनस’. पुढें तिला पॅरिसला नेलें. तेथें १८१५ च्या अखेरीस ती वारली. मेल्यावरही तिची सुटका झाली नाहीं. कुव्हिए या नामांकित शास्त्रज्ञानें तिच्या देहाचें विच्छेदन केलें, आणि तिचा सांगाडा व देहाचा सांचा प्रेक्षकांसाठीं मांडला गेला. पॅरिसच्या ‘मानव संग्रहालयां’त हा सांचा १९७० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत लोकांस पाहावयास मिळत असे. अखेर २००२ सालीं तिचे अवशेष मायदेशीं परत गेले व ९ ऑगस्ट रोजीं त्यांस मूठमाती मिळाली.

त्याच मानव संग्रहालयांत लेस्पुग येथील हस्तिदंती स्त्रीमूर्ति अमोल ठेवा म्हणून जतन केलेली आहे. तीही स्थूलच. दगडाच्या व हस्तिदंताच्या स्थूल स्त्रीस मखमल मिळाली आणि हाडामांसाच्या स्त्रीस तमाशाचें तिकीट लागलें, या गोष्टीचा विचार आमच्या वाचकांनीं आपापल्या मनाशीं करावा. आम्ही तर व्हीनस या नांवास येथेंच रजा देतों.

आतां मूर्तींकडे वळूं. युरोपच्या पश्चिम टोंकापासून सैबेरियापर्यंत अशा मूर्ति शेंकड्यांनीं मिळाल्या आहेत. बहुतेक सर्व हातांत मावतील एवढ्या लहान. ज्ञात असलेल्यांत सर्वांत जुनी मूर्ति नैर्ऋत्य जर्मनींतील होले फेल्स नांवाच्या गुहेंत २००८ सालीं निकोलस कोनार्ड यांच्या पथकास सांपडली. मॅमथ म्हणून जो केंसाळ हत्ती त्या काळीं असे, त्याच्या दांताची ती केलेली आहे. उंची ६ सेंटिमीटर, वय किमान ३५,००० वर्षें व बहुधा ४०,००० च्या आसपास. तिला शिर नाहीं. शिराच्या जागीं एक कडी आहे, यावरून ती दोऱ्यांत ओंवून गळ्यांत घालीत असावेत. (शिर नसलेली स्त्रीमूर्ति आपल्या पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या उत्खननांतही मिळाली आहे. परंतु ती आहे तीन हजारांहून कांहीं अधिक वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची. दोहोंमध्यें साम्य दिसलें म्हणून लगेच नातें जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) लेस्पुगची मूर्ति १९२२ सालीं निघाली व निघतांनाच कुदळीचा घाव लागून दुखावली. तिच्या नितंबांमागें दोऱ्यांचा एक पट्टा लोंबतांना कोरलेला आहे, आणि दोऱ्यांचा पीळसुद्धां दिसतो.

विलेंडॉर्फच्या मूर्तीच्या डोक्यावरील ओळींविषयीं असेंच एक सुंदर निरीक्षण आहे. त्या वेण्या आहेत असें पूर्वीं सर्व समजत. २००० सालीं ओल्गा सॉफर व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविण्याचा प्रयत्न केला कीं, ती टोपी आहे, आणि टोपली विणतात तशी मध्यापासून फेर घेत विणलेली आहे. मोराव्हिया प्रांतांत त्याच काळच्या भाजलेल्या मातीवर विणलेल्या कापडाचे ठसे मिळाले असल्यामुळें हें म्हणणें उडवून लावतां येत नाहीं. मूर्तीच्या मनगटांवर कांकणेंही कोरलेलीं आहेत. म्हणजे जिला पाहून वर्ग हंसला तिच्या डोक्यावर त्या काळचें उत्तम विणकाम आहे व हातांत दागिना आहे. तिच्यावर तांबड्या गेरूचा रंग होता. आणि तिचा दगड तरी कोठला? तो विलेंडॉर्फच्या आसपासचा नव्हे. २०२२ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें दगडाचें अंतरंग तपासून व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं, तो बहुधा आल्प्स पर्वताच्या पलीकडील उत्तर इटलींतून, गार्डा सरोवराच्या बाजूनें आलेला असावा. गाडी नाहीं, घोडा माणसाळलेला नाहीं, अशा काळीं शेंकडों मैल हा दगड किंवा ही मूर्ति माणसांच्या हातांहातांतून आली. एवढा प्रवास कोणी थट्टेच्या वस्तूस घडवीत नाहीं.

यापुढें खरें कोडें येतें. मूर्तिकारानें स्थूलता कल्पनेनें रचिली असेल काय? वैद्यकीय दृष्टीनें पाहणारे म्हणतात कीं, नाहीं. चरबी शरीरावर कोठें सांचते, तिच्या वळ्या कशा पडतात, गुडघ्यांशीं मांस कसें दाटतें, हें सारें विलेंडॉर्फच्या मूर्तींत इतकें बरोबर आहे कीं, घडविणाऱ्यानें तशी स्त्री डोळ्यांनीं पाहिलेली असली पाहिजे. पण त्या काळचें जिणें तर शिकारीचें. शेती नाहीं, कोठार नाहीं, दूधदुभतें नाहीं. अशा लोकांत कोणी स्थूल कसें व्हावें? बहुधा फार थोडींच माणसें तशीं होत असतील, आणि म्हणूनच तीं लक्षांत राहात असतील. जें रोज दिसतें त्याच्या मूर्ति घडविण्यासाठीं सहसा कोणी रात्री जागवीत नाहीं.

मेद म्हणजे शरीरानें करून ठेविलेली शिल्लक. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० कॅलरी सांठविलेल्या असतात. एका गर्भारपणास, नेहमींच्या अन्नाखेरीज, एकंदर सुमारें ७७,००० कॅलरी जास्त लागतात असा हिशेब आहे. म्हणजे दहा किलो चरबी. पुढें मूल अंगावर पीत असतां आईस दररोज आणखी सुमारें ५०० कॅलरी पुरवाव्या लागतात. ही शिल्लक नसली म्हणजे काय होतें हें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत नेदरलंड्स देशानें पाहिलें. जर्मन सैन्यानें अन्न अडविल्यामुळें तेथें उपासमार झाली, आणि बरोबर नऊ महिन्यांनीं जन्मांची संख्या झपाट्यानें घसरली. उपाशी शरीर नवा जीव पत्करीत नाहीं. आपल्याकडेही १९७२ च्या दुष्काळाची हकीकत ज्यांनीं आजीआजोबांच्या तोंडून ऐकिली आहे, उन्हांत खडी फोडणाऱ्या बायका व सुकडीसाठीं रांगेंत उभीं राहिलेलीं पोरें ज्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात, त्यांस भरल्या अंगाची किंमत निराळी सांगावयास नको. मराठी भाषेंत तर ती नोंदलेलीच आहे. ‘खात्यापित्या घरची’ असें आपण म्हणतों तें निंदेनें म्हणत नाहीं.

या मूर्तींचा अर्थ लावणारे अनेक पंथ आहेत. सर्वांत जुना व सर्वांत लोकप्रिय पंथ म्हणतो, ही सृष्टीची आदिमाता, सुफलतेची देवी. हें ऐकावयास गोड लागतें, परंतु हिमयुगीन माणसानें आपल्या देवतांविषयीं एक अक्षरही लिहून ठेविलेलें नाहीं, तेव्हां पुरावा कोठून आणावा? शिवाय १९८१ सालीं पॅट्रिशिया राइस या अमेरिकन विदुषीनें १८८ मूर्ति तपासल्या, तेव्हां गर्भवती अशा सहांत एकच निघाल्या. उरलेल्यांत तरुण, प्रौढ व वृद्ध अशा सर्व वयांच्या स्त्रिया होत्या. सारें स्त्रीजीवन तेथें होतें. केवळ मातृत्व नव्हतें. दुसरा पंथ लिरॉय मॅक्डर्मट यांचा, १९९६ सालचा. त्यांच्या मतें या मूर्ति स्त्रियांनींच घडविल्या, आणि आरसा नसल्यामुळें मान खालीं घालून स्वतःचें शरीर जसें दिसलें तसें त्यांनीं कोरलें. म्हणून छाती व पोट मोठें आणि पाय निमुळते होत नाहींसे झालेले. कल्पना चतुर आहे, व मूर्तिकार पुरुषच असला पाहिजे हा आपला आळशी समज ती मोडून काढते, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहों. परंतु विलेंडॉर्फच्या मूर्तीची पाठ पुढल्या बाजूइतकीच निगुतीनें कोरलेली आहे, आणि स्वतःची पाठ मान खालीं घालून पाहतां येत नाहीं.

तिसरें मत अगदीं अलीकडचें, २०२० सालच्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेलें. रिचर्ड जॉन्सन हे अमेरिकेंतील वैद्य. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं युरोपांतील मूर्तींची कंबर, नितंब व खांदे यांचीं मापें घेऊन प्रमाणें काढिलीं, आणि त्या त्या काळीं हिमनद्या किती दूर होत्या याच्याशीं तीं ताडून पाहिलीं. हिमनदी जितकी जवळ तितकी मूर्ति स्थूल, असें त्यांस आढळलें. सुमारें २६,००० ते २०,००० वर्षांपूर्वींच्या काळांत बर्फ सर्वांत अधिक पसरलें होतें व अन्न दुर्मिळ झालें होतें. अशा संकटांत तग धरून राहील, बाळंतपण निभावेल व मूल जगवील असें शरीर कसें असावें, याचा आदर्श म्हणून या मूर्ति आईनें मुलीस देण्याच्या ताइतासारख्या असाव्यात, असें जॉन्सन म्हणतात. कांहीं मूर्ति हाताळून गुळगुळीत झालेल्या आहेत, ही गोष्ट या मताला पोषक आहे.

आमचें मन या मताकडे ओढ घेतें हें कबूल केलें पाहिजे. तरी एक अडचण मोठी आहे, ती सैबेरियांतील माल्टा गांवाची. (या नांवाचें एक बेट भूमध्य समुद्रांत आहे व तेथेंही पुष्कळ पुढल्या काळच्या स्थूल मूर्ति सांपडल्या आहेत, परंतु तें प्रकरण सर्वस्वीं वेगळें.) बैकल सरोवराकडील या गांवीं १९२८ पासून उत्खनन होऊन हस्तिदंती स्त्रीमूर्तींचा मोठा संग्रह हातीं आला. थंडी म्हणावी तर तेथली थंडी डॅन्यूबकांठच्या थंडीस हंसेल. आणि मूर्ति पाहाव्या तर पुष्कळशा सडपातळ, चेहरा कोरलेल्या, आणि कांहींच्या अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत केंसाळ कातड्याचा पोषाख असावा अशा खुणा! थंडीमुळेंच स्थूलता पूजनीय झाली असती, तर ती येथें सर्वांत अधिक दिसावयास हवी होती. तेव्हां निसर्गानें गरज निर्माण केली असेल, पण त्या गरजेला कोणतें रूप द्यावयाचें हें त्या त्या समाजानें आपल्या रीतीप्रमाणें ठरविलें, एवढेंच म्हणतां येईल.

शेतीचा काळ आल्यावरही स्थूल स्त्री शिल्पांतून गेली नाहीं. तुर्कस्तानांत कोन्या शहराजवळ चाताल ह्युयुक म्हणून सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं वसलेलें एक मोठें गांव खणून काढिलेलें आहे. तेथें १९६१ सालीं दोन्ही बाजूंस श्वापदें घेऊन बसलेल्या स्थूल स्त्रीची मातीची मूर्ति निघाली. ती धान्याच्या कणगींत होती. साहजिकच तिला धान्यदेवता म्हणून गौरविलें गेलें. पुढें २०१६ मध्यें इयन हॉडर यांच्या पथकास तेथेंच १७ सेंटिमीटर लांबीची, जवळजवळ एक किलो वजनाची, संगमरवरासारख्या दगडाची मूर्ति अखंड सांपडली. या मूर्तींचा अभ्यास करणाऱ्या लिन मेस्केल यांचें मत मोठें मार्मिक आहे. या स्त्रिया तरुण नाहींत, त्यांचें अंग ओघळलेलें आहे. तेव्हां त्या सुफलतेच्या देवता असण्यापेक्षां गांवांतील वयोवृद्ध, मान्यता पावलेल्या स्त्रिया असाव्यात. आपल्या घरांतील थोरल्या आत्याबाई डोळ्यांपुढें आणाव्या. चार सुनांवर जिची नजर असते, लग्नकार्यांत जिच्या शब्दावांचून पान हलत नाहीं, अशी ती बाई बहुधा किडकिडीत नसते.

यावर एखादे पालक विचारतील, मास्तर, मग आतां लठ्ठपणा चांगला म्हणावयाचा काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. जेथें बारमाही अन्न मिळतें व चालणें सुटलें आहे तेथें तीच शिल्लक मधुमेह व रक्तदाब घेऊन येते, हें डॉक्टर मंडळी सांगतात तें खरेंच आहे. परंतु वैद्यानें दिलेला सल्ला निराळा आणि वर्गांत दिलेलें टोपणनांव निराळें. टोपणनांवानें आजवर कोणाचें वजन उतरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. डबा न खातां परत नेणाऱ्या मुली मात्र आम्हीं पाहिल्या आहेत.

लज्जेचा प्रश्नही अजून मिटलेला नाहीं. २०१८ सालीं फेसबुकवर विलेंडॉर्फच्या मूर्तीचें चित्र अश्लील ठरवून काढून टाकल्याची गोष्ट बाहेर आली, तेव्हां व्हिएन्नाच्या संग्रहालयानें निषेध केला, आणि कंपनीस माफी मागावी लागली. मार्क्विस द व्हिब्रेला हें ऐकून आनंद झाला असता.

एका मूर्तीचें वर्णन आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. ती मोराव्हियांतील डोल्नी व्हेस्टोनिस येथील. १३ जुलै १९२५ रोजीं कारेल अब्सोलोन यांच्या उत्खननांत एका जुन्या चुलीच्या राखेंत ती दोन तुकडे झालेली मिळाली. विलेंडॉर्फच्या मूर्तीएवढीच उंच व तशीच स्थूल, परंतु दगडाची नव्हे, भाजलेल्या मातीची. मानवानें मातीचें मडकें भाजावयास शिकण्यापूर्वीं हजारों वर्षें कोणीतरी ही मूर्ति भाजली. माती भाजून केलेल्या जगांतील अतिप्राचीन वस्तूंत तिची गणना होते. अलीकडे या मूर्तीची बारकाईनें तपासणी करण्यांत आली, तेव्हां तिच्या अंगावर बोटाचा एक ठसा आढळला. तो लहान मुलाचा आहे. मुलाचें वय ७ ते १५ वर्षें, म्हणजे आमच्या शाळेंत दुसरीपासून दहावीपर्यंत कोठेंतरी बसण्याजोगें. मूर्ति त्यानेंच घडविली असें अभ्यासक मानीत नाहींत. माती ओली होती, आणि ती भट्टींत जाण्यापूर्वीं त्यानें ती हातांत घेतली होती.